औषध सुरू केलं की तिसऱ्या दिवशी मांजर जेवण सोडते : चूक कुठे शोधायची?

आमच्या भुरीचं आठ महिन्यांत तीनदा अगदी असंच झालं. मागचे पाय दुखतात म्हणून डॉक्टरांनी मेलॉक्सिकॅम नावाचं वेदनाशामक सुरू केलं. पहिल्या दिवशी काही फरक नाही. दुसऱ्या दिवशी बाईसाहेब थेट खिडकीच्या कट्ट्यावर. तिसऱ्या दिवशी सकाळी भरलेली वाटी संध्याकाळी तशीच, आणि कोपऱ्यात पिवळट फेसाची उलटी. मी घाबरून औषध बंद करायचे. चार दिवसांत जेवण रुळावर यायचं आणि आठवडा उलटला की पुन्हा तेच लंगडणं, पुन्हा पलंगाखाली बसून वर बघत राहणं.

भुरी १४ वर्षांची आहे. कमरेच्या दोन्ही सांध्यांची झीज झालेली, आणि किडनीचा आजार दुसऱ्या टप्प्यात. पहिल्या दोन वेळांनंतर मी मनाशी ठरवूनच टाकलं होतं की हे औषध हिला सोसत नाही. तिसऱ्या वेळी डॉक्टरांनी सगळ्या बाटल्या, जुने कागद आणि माझी अर्धवट टिपणं टेबलावर मांडायला लावली. तासाभरानं चित्र वेगळंच निघालं. लक्षण तिन्ही वेळा एकच होतं, कारण मात्र दर वेळी निराळं. आणि तिन्हीपैकी दोन कारणं माझ्या हातून घडलेली.

ज्यांचं मांजर याच चक्रात अडकलंय त्यांच्यासाठी हे लिहितेय. डोस मात्र इथून उचलू नका. मांजराचं वजन आणि रक्ताचा रिपोर्ट ज्याच्यासमोर आहे त्यानंच तो ठरवायचा. खाली आकडे आहेत ते गणित कसं घसरतं हे दाखवण्यापुरते.

सगळ्यात आधी : माणसाचं औषध पोटात गेलंय का?

गेलं असेल तर पुढचं वाचू नका, डॉक्टरांना फोन करा. मांजर अजून ठणठणीत दिसत असलं तरी करा.

पॅरासिटामॉलच्या बाबतीत आपल्या डोक्यात हमखास 'पाव गोळीनं काय होतंय' असतं. हिशोब करून बघा. ५०० मिलिग्रॅमच्या गोळीचा पाव भाग म्हणजे १२५ मिलिग्रॅम. चार किलोच्या मांजराला तो किलोमागे ३१ मिलिग्रॅम पडतो. किलोमागे १० मिलिग्रॅमलाही विषबाधा झाल्याच्या नोंदी आहेत. मांजरासाठी पॅरासिटामॉलचा सुरक्षित डोस असा नाहीच. माणसाचं यकृत या औषधाला ग्लुकुरोनिक आम्लाची जोड देऊन ते लघवीवाटे काढून टाकतं. ही जोडणी करणाऱ्या एन्झाइमचं जनुक मांजरकुळात मोडकं आहे, सिंहातसुद्धा. मग औषध दुसऱ्या वाटेनं फुटतं, त्यातून तयार होणारा विषारी पदार्थ रक्तातल्या हिमोग्लोबिनवर हल्ला करतो आणि रक्त प्राणवायू वाहून नेईनासं होतं. हिरड्या तपकिरी किंवा निळसर, तोंड आणि पंजे सुजलेले, धाप, गडद लघवी, ही त्याची खूण. उतारा आहे, एन-ॲसिटिलसिस्टीन नावाचा, पण तो जितक्या लवकर मिळेल तितका उपयोगाचा. घरी मिठाचं पाणी पाजून उलटी काढायचा प्रयत्न करू नका; त्यानं नवीच विषबाधा होते.

आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, नेप्रोक्सेन यांनाही हीच बंदी. ॲस्पिरिन काही विशिष्ट आजारांत डॉक्टर मांजरांना देतात, पण दोन-तीन दिवसांतून एकदा, कारण मांजराच्या रक्तातलं त्याचं प्रमाण निम्म्यावर यायलाच दीड दिवसाच्या वर लागतो.

गोळ्यांपेक्षा लपून राहणारी वाट म्हणजे मलम. आपण गुडघ्याला जेल चोळतो, मांजर मांडीवर येऊन बसतं, अंगाला लागलेलं चाटतं. फ्लर्बिप्रोफेनचं मलम माणसं स्वतःला लावत होती आणि घरातली मांजरं आजारी पडली, काही दगावली, यावरून अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेनं, २०१५ साली जाहीर इशारा दिला होता. आमच्याकडे आई पाठीला असंच एक जेल लावते. तेव्हापासून ती जेल लावलं की वर पूर्ण बाह्यांचा सदरा घालते आणि भुरीला त्या खोलीत प्रवेश बंद. भुरी दाराबाहेर बसून ओरडते. ओरडू दे.

आता साहजिक प्रश्न पडतो, की पॅरासिटामॉल विष आणि मेलॉक्सिकॅम औषध, हे कसं? दोन्ही दुखण्यावरचीच ना? फरक निचऱ्याच्या वाटेचा आहे. मेलॉक्सिकॅमचं विघटन ऑक्सिडेशननं होतं, आणि ती यंत्रणा मांजरात शाबूत आहे. म्हणून तेच मांजर एका औषधाच्या चिमूटभर भुकटीनं मरू शकतं आणि दुसरं महिनोन्‌महिने घेऊ शकतं.

पहिली वेळ : औषध बरोबर, डोस बरोबर, दिवस चुकीचा

त्या आठवड्यात भुरीला बद्धकोष्ठ झालं होतं. आदल्या दिवशी दोनदा उलटी. पाणी प्यायली होती की नाही, मी पाहिलं नव्हतं. पण पाय इतका ओढत होती की मला राहवलं नाही. रिकाम्या पोटी, ठरलेल्या वेळी, ठरलेला डोस दिला.

मेलॉक्सिकॅम किंवा रोबेनाकॉक्सिब यांसारखी औषधं शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं तयार होणं कमी करतात. सूज आणि दुखणं उतरतं ते त्यामुळेच. पण हेच प्रोस्टाग्लँडिन जठराच्या आतला श्लेष्माचा थर राखतात, आणि अंगातलं पाणी कमी झालं की किडनीत रक्त नेणाऱ्या बारीक नळ्या रुंद ठेवतात. धडधाकट, पाणी प्यायलेल्या मांजराच्या किडनीला या मदतीची फारशी गरज नसते. उलट्या-जुलाब झालेल्या, उपाशी किंवा भूल दिलेल्या मांजराची किडनी त्यावरच तगून असते. नेमक्या त्या दिवशी आपण ती मदत काढून घेतो.

म्हणजे बाटली सोमवारी सुरक्षित होती आणि गुरुवारी नव्हती. बाटली तीच. मांजर बदललं होतं.

तेव्हापासून आमच्या घरात क्रम ठरलेला आहे: आधी वाटी, मग सिरिंज. खाल्लं नाही तर औषध नाही. अर्धंच खाल्लं तर फोन. उलटी किंवा पातळ शी झाली तर त्या दिवसाचा डोस सोडायचा आणि फोन करायचा. एक डोस चुकल्यानं दुखणं वाढतं, हे खरं. पण मेलॉक्सिकॅम मांजराच्या अंगात साधारण एक दिवसानं निम्म्यावर येतं, त्यामुळे एका खाड्यानं सगळं कोसळत नाही. आणि सुटलेला डोस दुसऱ्या दिवशी दुप्पट करून भरून काढायचा नसतो.

पाणी कमी झालंय का ते घरी ओळखायला हिरडीवर बोट टेकवा. ओलसर, निसरडी लागली तर ठीक. चिकट लागली तर पाणी कमी आहे. मानेची कातडी चिमटीत धरून सोडायची पद्धत म्हाताऱ्या किंवा वाळलेल्या मांजरात फसवते, कातडी तशीही सैलच असते. त्यापेक्षा मातीच्या ट्रेमधले लघवीचे गोळे मोजणं जास्त कामाचं. आमच्याकडे रोज तीन मोठे गोळे असतात. एकच छोटा दिसला तर मी डोस थांबवते. चार-पाच मोठे दिसू लागले तर किडनीची तपासणी पुढे ढकलत नाही.

किडनीचा आजार असेल तर हे औषध द्यावंच का?

इथे दोन डॉक्टर दोन उत्तरं देतील आणि तुम्ही गोंधळाल. मीही गोंधळले होते. एकानं मेलॉक्सिकॅम लिहून दिलं, दुसऱ्यानं ते वाचून कपाळाला हात लावला.

दोघांकडेही आधार आहे. अमेरिकेत मेलॉक्सिकॅमला मांजरासाठी परवानगी आहे ती एकाच इंजेक्शनाची, आणि २०१० साली तिथल्या लेबलवर ठळक चौकटीत इशारा आला की मांजरांना पुन्हापुन्हा दिल्यास किडनी अचानक निकामी होऊन मृत्यू झाले आहेत. युरोपात मात्र हेच औषध द्रवरूपात, सांध्यांच्या जुनाट दुखण्यावर, रोज आणि दीर्घकाळ द्यायला मान्यता आहे, अर्थात बराच कमी डोस. मांजरांच्या डॉक्टरांच्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी २०१० साली याबाबत एकत्र मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि २०२४ मध्ये ती सुधारली. किडनीचा आजार स्थिर असेल, मांजर खातपीत असेल आणि तपासण्या वेळेवर होत असतील, तर केवळ किडनीचं नाव घेऊन वेदनाशामक नाकारू नये, असा त्यांचा सूर आहे. यातला 'स्थिर' हा शब्द मात्र वगळून चालत नाही.

स्थिर आहे की नाही हे एका रिपोर्टवरून कळत नाही, हे मला उशिरा उमगलं. रक्तातलं क्रिएटिनिन (किडनीनं गाळून बाहेर टाकायचा पदार्थ) १.६ ते २.८ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर म्हणजे दुसरा टप्पा, त्यापुढे ५ पर्यंत तिसरा. भुरीचं २.१ होतं आणि सहा महिन्यांनी १.९ आलं. मी खूश. डॉक्टर नव्हत्या. कारण त्याच काळात तिचं वजन ४ किलोवरून ३.६ वर आलं होतं. क्रिएटिनिन स्नायूंतून येतं; स्नायू झडले की आकडा आपोआप उतरतो, किडनी सुधारलेली नसताना. म्हणून त्यांनी एसडीएमए नावाची दुसरी चाचणी करायला लावली, जिच्यावर स्नायूंचा फारसा परिणाम होत नाही, आणि जोडीला लघवीची घनता, लघवीतली प्रथिनं आणि रक्तदाब. औषध सुरू करण्याआधी ही सगळी मोजमापं घ्या. आधीचा आकडा हातात नसेल तर नंतर काही बिघडलं तेव्हा ते औषधानं बिघडलं की आधीच बिघडलेलं होतं, हे कुणालाच सांगता येत नाही.

वजन उतरल्याचा दुसरा अर्थही आहे. मी अजून चार किलोच्या हिशोबानं डोस देत होते.

दुसरी वेळ : तीच चिठ्ठी, वेगळी बाटली

हा प्रकार इतका साधा आहे की लिहिताना लाज वाटते. पहिली बाटली संपली. दुकानात नाव सांगितलं, मेलॉक्सिकॅमची दुसरी बाटली मिळाली. रंग तोच, चव तीच, झाकण तेच. मी नेहमीसारखं सिरिंजमध्ये ०.४ मिलिलीटर ओढलं.

मांजरांसाठीच्या द्रवात एका मिलिलीटरमध्ये ०.५ मिलिग्रॅम औषध असतं. कुत्र्यांसाठीच्या द्रवात १.५. चार किलोच्या मांजराला युरोपातल्या लेबलप्रमाणे रोजचे ०.२ मिलिग्रॅम द्यायचे तर पहिल्या बाटलीतून ०.४ मिलिलीटर बरोबर बसतं. तेच ०.४ मिलिलीटर दुसऱ्या बाटलीतून काढलं की ०.६ मिलिग्रॅम जातं, म्हणजे तिप्पट. सलग दोन दिवस मी तिला तिप्पट डोस देत होते, वर तिच्या कपाळावरून हात फिरवत 'झालं बघ, संपलं' म्हणत.

माणसांच्या मेलॉक्सिकॅमच्या गोळीचा विचारही नको, हे याच गणितातून दिसतं. ७.५ मिलिग्रॅमच्या एका गोळीत त्या वेळच्या भुरीचे सदतीस दिवसांचे डोस होते. अशी गोळी ताटलीवर सुरीनं तुकडे करून मोजायची नसते.

डॉक्टरांनी सांगितलेला डोस मी आता मिलिग्रॅममध्ये लिहून घेते. 'अर्धी रेघ', 'चार थेंब', 'एवढंसं' असलं काही कागदावर राहू देत नाही. शेजारी बाटलीवरची तीव्रता लिहिते आणि भागाकार करून मिलिलीटर काढते, मग तो आकडा डॉक्टरांना फोनवर वाचून दाखवते. बाटलीसोबत येणाऱ्या सिरिंजवर काही वेळा मिलिलीटरऐवजी मांजराच्या वजनाचे किलो छापलेले असतात. ती सिरिंज त्याच बाटलीपुरती, आणि छापील पूर्ण डोसापुरती. डॉक्टरांनी किडनीमुळे डोस कमी केला असेल तर त्या रेघांना अर्थ उरत नाही. मग साधी एक मिलिलीटरची सिरिंज घ्यावी.

बाटली हलवायलाही मी विसरायचे. हे सस्पेन्शन असतं, औषध तळाशी बसतं. न हलवता दिलं तर सुरुवातीचे दिवस फिके जातात आणि बाटलीच्या तळाचे दिवस कडक. 'गेल्या वेळी महिनाभर काही झालं नाही, शेवटच्या आठवड्यातच उलट्या' असा तुमचा अनुभव असेल तर आधी इथे बघा.

घरात दोन माणसं औषध देत असतील तर एक कागद दारावर चिकटवा आणि दिलं की खूण करा. मांजर स्वतःहून सांगणार नाही की मला सकाळीच मिळालंय. सदाच भुकेल्यासारखं तोंड करून उभं राहील.

तिसरी वेळ : मी न सांगितलेलं इंजेक्शन

भुरीच्या हिरड्या सुजल्या होत्या. आमच्या नेहमीच्या डॉक्टर रजेवर होत्या, म्हणून दुसरीकडे दाखवलं. तिथे 'सूज उतरायचं' एक इंजेक्शन दिलं. दोन दिवसांत ती खायला लागली, मी विसरून गेले. दहा-बारा दिवसांनी पाय दुखू लागले, नेहमीच्या डॉक्टरांना विचारून मेलॉक्सिकॅम सुरू केलं. या वेळी बाटली बरोबर, वजन नव्यानं केलेलं, वाटी साफ. तरी तिसऱ्या दिवशी उलटी. तिच्यात कॉफीच्या चोथ्यासारखे तपकिरी कण.

ते जठरात सांडून पचलेलं रक्त होतं. इंजेक्शन स्टेरॉइडचं होतं, आणि तेही आठवडे-आठवडे अंगात टिकणारं. स्टेरॉइड आणि मेलॉक्सिकॅमच्या जातीचं औषध एकत्र आलं की जठराला जखमा होण्याचा धोका फार वाढतो, भोकही पडू शकतं. दोन दिवस सलाईन आणि आम्ल कमी करणारी औषधं, यावर भुरीचं निभावलं. त्या डॉक्टरांनी मला विचारलं नव्हतं की दुसरं काही चालू आहे का. मीही इंजेक्शनचं नाव विचारलं नव्हतं. नंतर फोन करून विचारलं तेव्हा कळलं.

मी आता कुठल्याही दवाखान्यातून निघताना दोनच प्रश्न विचारते: हे स्टेरॉइड आहे का, आणि किती दिवस अंगात राहतं? गोळीच्या प्रेडनिसोलोनचा हिशोब दिवसांचा असतो, दीर्घकाळ टिकणाऱ्या इंजेक्शनचा आठवड्यांचा. मेलॉक्सिकॅमवरून रोबेनाकॉक्सिबवर किंवा उलट जायचं असेल तेव्हाही मध्ये काही दिवस मोकळे सोडतात. ते किती, ते डॉक्टरांकडून लिहून घ्या. त्या मधल्या दिवसांत दुखणं कशानं सांभाळायचं हेही तेव्हाच विचारा, नाहीतर तिसऱ्या दिवशी तुम्हीच कपाटातली जुनी बाटली उघडाल.

रक्तदाबावरच्या किंवा लघवीतली प्रथिनं कमी करण्यासाठीच्या गोळ्या, बेनाझेप्रिल किंवा टेल्मिसार्टन, आणि लघवी वाढवणारं फ्युरोसेमाइड, हीसुद्धा किडनीतल्या रक्तप्रवाहाशी संबंधित आहेत. किडनीच्या मांजराला यांपैकी काही चालू असण्याची शक्यता बरीच. यादीत ती आवर्जून सांगा. भूक वाढवायला दिलेलं मिर्टाझापिन निरुपद्रवी वाटतं, पण ट्रॅमाडॉल या वेदनाशामकासोबत ते मेंदूतलं सेरोटोनिन धोकादायक पातळीला नेऊ शकतं.

पण जेवण सोडलं ते औषधानं की दुखण्यानं?

ही खरी अडचण. दुखतं तेव्हाही मांजर खात नाही, किडनीच्या आजारानं मळमळतं तेव्हाही खात नाही, दात दुखत असेल तेव्हाही नाही, आणि औषधानं जठर चरचरलं तरीही नाही. वाटी सगळ्याच वेळी सारखी दिसते.

मला मदत झाली ती वेळांच्या नोंदीनं. डोस कधी, खाणं कधी आणि किती, उलटी कधी, शीचा रंग, आणि त्या दिवशी कुठे उडी मारली. दोन आठवड्यांची पानं शेजारी ठेवली की काही गोष्टी उघड दिसतात. खाणं पहिल्या डोसाच्या आधीच कमी झालं होतं का? मग औषधाकडे बोट दाखवण्यात अर्थ नाही. वाटीपाशी जाते, वास घेते, ओठ चाटते आणि मागे फिरते? ती मळमळ. वाटीपाशी जाते, घास घेते आणि मान वाकडी करून टाकते? तोंड दाखवा. वाटीपर्यंत जातच नाही, बसल्या जागी नेऊन दिलं तर खाते? तेव्हा बहुधा पाय दुखतायत, म्हणजे औषध कमी पडतंय. आणि औषध बंद केल्यावर भूक लगेच परतली नाही, एवढ्यावरून औषध निर्दोष ठरत नाही; आमच्याकडे चार दिवस लागायचे.

दुखणं मोजायला चेहरा बघायची एक चांगली पद्धत आहे. २०१९ साली माँट्रियल विद्यापीठातल्या संशोधकांनी ती मांडली. कानांची ठेवण, डोळे किती मिटलेले, नाकतोंडाचा भाग किती ताणलेला, मिशा, आणि डोकं खांद्यांच्या वर की खाली, या पाच गोष्टींना प्रत्येकी ० ते २ गुण. दहापैकी ४ किंवा जास्त झाले तर वेदनाशामकाचा विचार करायचा. ही पद्धत ताज्या दुखण्यासाठी आहे, ऑपरेशन, जखम, पोटात कळ वगैरे. सांध्यांच्या जुन्या दुखण्यात मांजराचा चेहरा शांत असू शकतो. तिथे हालचाल बघावी लागते. कट्ट्यावर एका उडीत जाणारी आता खुर्चीवरून टप्प्यानं जाते का, पाठीचा शेवटचा भाग चाटायचं सोडून दिल्यानं तिथे केस गुंतलेत का, ट्रेच्या काठाबाहेर लघवी होते का. २००२ सालच्या एका अभ्यासात १२ वर्षांवरच्या १०० मांजरांचे एक्स-रे पाहिले तेव्हा त्यांतल्या ९० जणांत सांध्यांची झीज दिसली. तेव्हा 'म्हातारी झाली म्हणून हल्ली झोपून असते' हे वाक्य मी आता पटकन उच्चारत नाही.

आणि मांजर खूश असताना करतं त्या घुरघुरीवर विसंबू नका. मांजर मरणाच्या दुखण्यातही घुरघुरतं.

मेलॉक्सिकॅम नकोच असेल तर

गॅबापेन्टिन आम्ही वापरून पाहिलं. ते जठराला त्रास देत नाही, किडनीला इजाही करत नाही, पण शरीरातून बाहेर पडतं किडनीवाटेच. किडनी मंद असेल तर नेहमीचा डोस अंगात साचतो. भुरी पहिल्या दिवशी प्यायल्यासारखी चालत होती आणि पाण्याच्या भांड्यात पाय घालून उभी राहिली. डोस कमी केल्यावर तोल सावरला. माणसांसाठीच्या पातळ गॅबापेन्टिनमध्ये झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ) असू शकतं, म्हणून ते न वापरता कॅप्सूल किंवा डॉक्टरांनी बनवून घेतलेलं औषध बरं. बरेच दिवस चालू असेल तर एकदम तोडू नका, हळूहळू उतरवा.

ब्युप्रेनॉर्फिन हे अफूच्या जातीचं, तीव्र पण थोड्या दिवसांच्या दुखण्यासाठी, आणि फक्त डॉक्टरांच्या चिठ्ठीनं. ते गालाच्या आत सोडतात, कारण तोंडाच्या आतल्या त्वचेतून ते शोषलं जातं. मांजरानं गिळून टाकलं तर यकृतातच बहुतेक संपतं आणि तुम्हाला वाटतं औषध कुचकामी. बाहुल्या मोठ्या होणं, उगाच माती मळल्यासारखे पंजे चालवणं, लाडात येणं, हे त्याचे परिणाम अपेक्षितच. भूकही मंदावू शकते, तेव्हा वर सांगितलेली नोंदवही इथेही उघडी ठेवा.

महिन्यातून एकदा टोचायचं फ्रुनेव्हेटमॅब हे सांध्यांच्या दुखण्यासाठीचं प्रतिपिंड आहे. अमेरिकेत जानेवारी २०२२ मध्ये त्याला मान्यता मिळाली. यकृत-किडनीवर त्याचा निचरा अवलंबून नाही, हे त्याचं मोठं आकर्षण. पण एकदा टोचलं की महिनाभर परत काढता येत नाही, आणि काही मांजरांत मानेवर-डोक्यावर खाज सुटून खपल्या धरतात. रोज सिरिंज दिसली की मांजर कपाटामागे जातं अशांच्या घरी हा पर्याय डॉक्टरांकडे जरूर काढावा.

बुटक्या काठाचा ट्रे, कट्ट्याखाली एक पेटी पायरीसारखी, निसरड्या फरशीवर जाजम. एवढ्यानं आमचा डोस एक पायरी खाली आला.

यातलं काही दिसलं तर त्याच तासाला निघा

डांबरासारखी काळी शी. उलटीत रक्त किंवा तपकिरी कण. लघवीच न होणं, किंवा एकाएकी सतत पाणी पिणं. डोळ्यांचा पांढरा भाग किंवा कानाची आतली बाजू पिवळी. पोटाला हात लावू न देणं. आणि पूर्ण एक दिवस काहीही न खाणं. या शेवटच्याला लोक हलक्यात घेतात, पण मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं की अंगातली चरबी यकृतात साचू लागते आणि मग मूळ दुखणं बाजूला राहून यकृतच सांभाळत बसावं लागतं. जास्त वजनाच्या मांजरांत तर जास्तच. जाताना बाटली, सिरिंज आणि नोंदीचं पान सोबत न्या; फोटोपेक्षा खरी बाटली हातात असलेली डॉक्टरांना आवडते.

भुरीला सध्या मेलॉक्सिकॅमच चालू आहे, छापील डोसापेक्षा बराच कमी, आणि रात्री थोडं गॅबापेन्टिन. पहिल्या महिन्यात दोनदा रक्त तपासलं, आता दर तीन महिन्यांनी. वजन दर रविवारी: मी भुरीला घेऊन काट्यावर, मग मी एकटी, ही पद्धत मी सोडून दिली, कारण माझ्या काट्याची चूकच दोनशे ग्रॅमची निघाली. लहान बाळाचा काटा आणला. त्यावर ती बसत नाही, पण पुठ्ठ्याचा खोका ठेवला की स्वतःहून आत जाते.

परवा सकाळी वाटी अर्धी राहिली होती. डोस दिला नाही, फोन केला. डॉक्टर म्हणाल्या, 'संध्याकाळपर्यंत बघा.' दुपारी तिनं केसांचा गोळा ओकला, तासाभरानं वाटी चाटून पुसून ठेवली, आणि संध्याकाळी सिरिंज बघून नेहमीसारखी कपाटामागे गेली.